वाईच्या वाड्यातला फोन: तांब्याची तार गेली तेव्हा काय घेतलं, काय टाळलं

माझ्या मावशीचं सासर वाईचं. जुना दोनमजली वाडा, खालच्या भिंती दीड-दोन हात जाडीच्या, दगड-मातीच्या. माजघरात मोबाइलला रेंज मिळत नाही. बोलायचं तर ओसरीवर यावं लागतं आणि पावसाळ्यात तिथे वळचणीचं पाणी उडतं. काका ८१ वर्षांचे, मावशी ७६ची. दोघांचा सगळा व्यवहार ०२१६७नं सुरू होणाऱ्या त्या एका नंबरवर. डॉक्टर, गॅसवाला, देवळातले गुरुजी, मुंबईचे दीर, सगळ्यांच्या वहीत तोच नंबर.

रस्त्याच्या कामात खोदताना तांब्याची केबल तुटली आणि फोन मुका झाला. महिनाभर तक्रारी केल्यावर कंपनीकडून उत्तर आलं, की या आळीत तांबं पुन्हा जोडणार नाही, फायबर घ्या, नंबर तोच राहील. म्हणजे हा फोन आता इंटरनेटवरून चालणार होता. त्यासाठी काय विकत घ्यायचं, हे ठरवायचं काम पुण्यात नेटवर्कची कामं करणाऱ्या भाच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. अशीच वेळ सध्या अनेक घरांवर येते आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी माणसं, मग वस्तू

पहिल्या शनिवारी मी काहीही न घेता वाईला गेलो. दिवसभर घरात बसून कोण फोन कुठून उचलतं, कुठून लावतं, ते पाहिलं. काकांना कमी ऐकू येतं. वयानं आलेल्या बहिरेपणात आधी उंच, बारीक आवाज जातात. त्यामुळे आजकालच्या फोनची ‘टुर्रर्र’ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ओसरीवर मात्र काळा, जड, डायलचा जुना फोन आहे. त्याच्या पोटात खरी धातूची घंटा आहे. ती वाजली की काका परसात फुलांना पाणी घालत असले तरी वळून बघतात. मावशीला कान चांगले आहेत, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही. तिला मोठी बटणं हवीत.

निघताना मी विचारलं, “मावशी, तुला या फोनकडून काय हवंय?”

ती म्हणाली, “लाइट गेले तरी लागला पाहिजे. रात्री ह्यांना काही झालं तर मी अंधारात मोबाइल घेऊन ओसरीत रेंज शोधत बसू का?”

पुढची सगळी खरेदी या एका वाक्यावर बेतली. तांब्याच्या लाइनला वीज घरातली लागत नसे. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट तारेतूनच घरी येत. गावभर अंधार असला तरी चोंगा उचलला की टोन यायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. घरातले लाइट गेले की फोनही गेला. जोडणी घेताना हे कुणी आपणहून सांगत नाही आणि मला ही मोठी चूक वाटते.

बाजारात काय काय मिळतं

इंटरनेटवरून बोलायला घरात बसवता येतात अशा वस्तू तशा थोड्याच. एक, टेबलावरचा आयपी फोन. त्याला टेलिफोनची नाही, नेटवर्कची केबल लागते आणि तो स्वतःच इंटरनेटवर नोंद करून घेतो. दोन, अ‍ॅडॉप्टर, म्हणजे तळहाताएवढा डबा. एका बाजूला नेटवर्कची केबल, दुसऱ्या बाजूला आपला साधा फोन. ग्रँडस्ट्रीमचा एचटी-८०१ हा यातला बहुतेकांना माहीत असलेला, त्याला एक फोन लागतो, एचटी-८०२ला दोन. तीन, फायबरच्या मोडेममध्येच असलेलं फोनचं सॉकेट. कागदावर त्या मोडेमला ओएनटी म्हणतात, पण लाइनमनपासून मावशीपर्यंत सगळे मोडेमच म्हणतात, मीही तेच म्हणेन. चार, मोबाइलमधलं अ‍ॅप.

अ‍ॅप पहिल्याच फेरीत बाद झालं. काकांना घंटा ऐकू येण्याचा प्रश्न त्यानं सुटत नव्हता.

आयपी फोन दिसायला देखणा असतो आणि दुकानदार तोच आधी पुढे करतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मला दोन आयपी फोन आणि नेटवर्कच्या केबली जोडायचा एक छोटा स्विच अशी साडेअकरा हजारांची यादी करून मिळाली. मी दुकानदाराला एवढंच विचारलं, की यात नोंदणीचं नाव आणि पासवर्ड कुठला भरायचा? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर हा प्रश्न कंपनीला विचारायचा आणि तोही खरेदीच्या आधी. आयपी फोन किंवा अ‍ॅडॉप्टर चालवायला ‘सिप’ (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) खात्याची माहिती लागते: सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड. आपल्याकडे घरगुती फायबरवर फोन देताना ही माहिती बहुधा ग्राहकाच्या हाती देत नाहीत, ती मोडेममध्ये भरून देतात. आमच्या कंपनीनंही फोनवर स्पष्ट नकार दिला. ती माहिती नसेल तर दहा हजारांचा आयपी फोनही टोन देणार नाही.

मग दुसऱ्या कुठल्या इंटरनेट-फोनवाल्याकडून खातं घ्यावं का? भारतात इंटरनेटवरून साध्या फोनला किंवा मोबाइलला कॉल जोडून द्यायची सेवा परवानाधारक दूरसंचार कंपन्यांनीच द्यायची असते. २०१८मध्ये त्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलनं ‘विंग्ज’ ही अ‍ॅपवरची सेवा जाहीर केली. पण अशा सेवेत नंबर नवा मिळतो. मावशीला नवा नंबर नको होता, आणि तीस वर्षांचा नंबर सोडायला लावणारं कुठलंही यंत्र मी घेणार नव्हतो.

न्यू जर्सीची भेट

मावशीची थोरली मुलगी न्यू जर्सीत असते. तिनं प्रेमानं दोन वस्तू पाठवायची तयारी दाखवली: त्यांच्याकडे पडून असलेला इंटरनेट-फोनचा अ‍ॅडॉप्टर आणि तीन हँडसेटचा कॉर्डलेस. दोन्हींना नाही म्हणताना मला वाईट वाटलं, पण कारणं पक्की होती.

तो अ‍ॅडॉप्टर तिकडच्या सेवेला कुलूपबंद होता. सेवेबरोबर स्वस्तात मिळणारे डबे बहुधा असेच असतात, त्यात दुसऱ्या कंपनीचं खातं भरता येत नाही. जुना अ‍ॅडॉप्टर घेताना तो ‘अनलॉक’ आहे ना, हे आधी पाहावं. आणि अमेरिकेतला डीईसीटी ६.० (तिकडच्या कॉर्डलेसची नेहमीची पद्धत) कॉर्डलेस १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. मोबाइलच्या २१०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये हँडसेटकडून टॉवरकडे जाणारे सिग्नल १९२० ते १९८० या पट्ट्यात असतात. म्हणजे तो कॉर्डलेस टॉवरच्या कानाशी बसून बोलणार. वाईत आधीच रेंजची बोंब, त्यात शेजाऱ्यांची रेंज आपण बिघडवायची नाही. ताईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी पैसे पाठवते, तू तिथलंच घे.” तेवढं मी घेतलं.

मोडेमच्या पाठीवरची चार अक्षरं

म्हणजे राहिला मोडेम. कंपनीच्या स्थानिक जोडणीवाल्यानं पाठवलेला मुलगा एक पांढरा डबा घेऊन आला. चपळ मुलगा, अर्ध्या तासात केबल आत आणली, वायफाय सुरू केलं. मी डबा उलटा करून पाहिला. खालच्या चिठ्ठीवर ‘१जीई + १एफई + वायफाय’ लिहिलं होतं. इंटरनेटची दोन सॉकेटं आणि वायफाय, बस. फोनचं सॉकेट नव्हतंच.

“फोन कुठे लावायचा?” मी विचारलं.

“फोन? हल्ली कोण घेतंय सर. अ‍ॅपवर चालेल की.”

नंबर तसाच राहील या आश्वासनावर जोडणी घेतलेल्या घरात फोनचं सॉकेटच नसलेला मोडेम आला होता. मुलाचा दोष नाही, त्याच्या पिशवीत तेवढेच होते. मी आग्रह धरला. ज्या मोडेमच्या चिठ्ठीवर ‘पॉट्स’ (इंग्रजीत POTS, म्हणजे साधी टेलिफोन सेवा) लिहिलेलं असतं, त्यालाच साधा फोन लागतो. सॉकेटवर ‘फोन’ किंवा ‘टेल’ असं छापलेलं असतं आणि ते नेटवर्कच्या सॉकेटपेक्षा अरुंद असतं. तसा मोडेम चार दिवसांनी आला, १,९०० रुपयांना. फायबरवर लँडलाइन घेणाऱ्यानं एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही चिठ्ठी.

इथेच आणखी एक घोटाळा होऊ शकतो, विशेषतः अ‍ॅडॉप्टर घेताना. दोन प्रकारची सॉकेटं एकसारखी दिसतात. एफएक्सएस सॉकेट फोनला टोन देतं आणि घंटा वाजवतं, म्हणजे भिंतीतल्या जुन्या सॉकेटचं काम करतं. एफएक्सओ सॉकेट उलट, बाहेरून आलेली तांब्याची लाइन आत घेतं. फोन एफएक्सओमध्ये घातला तर काहीच होत नाही. एचटी-८१३सारख्या डब्यावर दोन्ही एकेक असतात, म्हणून त्याचा भाव जास्त. घरात तांब्याची लाइनच उरली नसेल तर त्या दुसऱ्या सॉकेटचे पैसे कशाला मोजायचे?

घंटा

वाड्यात टेलिफोनची तार आधीच फिरवलेली होती: ओसरीवर डायलचा फोन, माजघरात एक, माडीवर एक. या तारा जिवंत ठेवायच्या असं मी ठरवलं. जाड भिंतींमधून वायफाय जात नाही, पण तीस वर्षांपूर्वी ओढलेली दोन तारांची जोडी व्यवस्थित जाते. मोडेमच्या फोन सॉकेटमधून एक तार काढून ती घरातल्या रोझेटला, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या भिंतीवरच्या डबीला दिली, की तिन्ही फोन पूर्वीसारखेच समांतर चालतात.

त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून सोडवून टाकली. हे विसरायचं नाही. बाहेरची लाइन मेलेली वाटली तरी तिच्यावर कधी व्होल्टेज येईल सांगता येत नाही, आणि ते थेट मोडेमच्या सॉकेटवर आलं तर ते जळू शकतं. सोडवलेल्या तारांच्या टोकांना टेप गुंडाळून त्या बाजूला ठेवल्या.

मी ओसरीवर बसून मोबाइलवरून नंबर लावला. काळ्या फोननं एक लांब घरघर केली, थांबला, पुन्हा एक लांब घरघर. काका खुर्चीत बसूनच म्हणाले, “ही आपली घंटा नव्हे.”

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडची घंटा जोडीनं वाजते, ट्रिंग-ट्रिंग, मग थोडी विश्रांती. मोडेममध्ये कारखान्यातून भलत्याच देशाची सेटिंग आली होती आणि अमेरिकेतल्यासारखी एकेरी, लांब घंटा जात होती. मुलाला पुन्हा बोलावलं. त्यानं लॉगिन करून आवाजाच्या पानावर देश भारत निवडला आणि घंटेची वारंवारता २० हर्ट्झवरून २५वर नेली. जुन्या घंटेतला टोला लोहचुंबकानं हलतो, त्याला योग्य वारंवारता आणि पुरेसा जोर मिळाला नाही तर तो नुसता थरथरतो. पुन्हा नंबर लावला. ट्रिंग-ट्रिंग. काका उठून परसात गेले, तुळशीपाशी उभे राहिले आणि तिथून त्यांनी हात वर केला.

जोर पुरावा म्हणून एक काळजी घेतली. मोडेम किंवा अ‍ॅडॉप्टरचं सॉकेट एका वेळी मोजक्याच घंटा वाजवू शकतं. माहितीपत्रकात हा भार ‘आरईएन’ म्हणून दिलेला असतो. जुनी धातूची घंटा त्यातला मोठा वाटा खाते. म्हणून माडीवरच्या फोनची घंटा बंद ठेवली. खालची घंटा वर ऐकू जातेच.

डायलच्या फोनवरून बाहेर फोन लावता येत नाही, हे लगेच कळलं. डायल परत फिरताना तार टकटक तोडते-जोडते, त्या टकटकीवरून जुनी एक्सचेंजं आकडा ओळखत. आमच्या मोडेमला ती भाषा येत नव्हती, त्याला बटणांचे सूर लागतात. काही अ‍ॅडॉप्टरांना टकटक कळते, पण अ‍ॅडॉप्टर आम्हाला घेताच येत नव्हता. तोडगा साधा निघाला. काळा फोन येणाऱ्या कॉलसाठी, घंटेसाठी आणि काकांसाठी राहिला. त्याच्या शेजारी मोठ्या बटणांचा नवा साधा फोन आला, १,१०० रुपयांचा, मावशीसाठी.

त्या नव्या फोननंही पहिल्या दिवशी हट्ट केला. मावशी बटणं दाबतेय आणि कानात टोन तसाच चालू. तिनं तीनदा प्रयत्न करून चोंगा माझ्या हातात दिला. फोन पालथा केला तर खाली नखाएवढं एक बटण, एका बाजूला ‘टी’, दुसऱ्या बाजूला ‘पी’. ते ‘पी’वर होतं, म्हणजे बटणं दाबली तरी फोन जुन्या डायलसारखी टकटकच पाठवत होता. ‘टी’वर सरकवलं आणि पहिल्याच झटक्यात मुंबईच्या दिरांना फोन लागला.

आणखी एक लहान गोष्ट. पूर्वी शेवटचा आकडा दाबला की लगेच पलीकडे घंटा वाजायची. आता चारेक सेकंद शांतता असते, कारण नंबर संपला की अजून आकडे यायचेत, याची मोडेम वाट बघतो. मावशीला वाटायचं फोन बंद पडला, आणि ती ठेवून द्यायची. शेवटी हॅशचं बटण दाबलं की तो वाट बघत नाही. मी त्या बटणावर लाल टिकली चिकटवली. फोनच्या मेमरी बटणांवर मोबाइल नंबर भरताना प्रत्येकाआधी शून्य घातला. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना शून्य लावायचा नियम १५ जानेवारी २०२१पासून आहे आणि मावशीच्या वहीत अर्धे नंबर त्याआधीचे आहेत.

लाइट गेले तर

मावशीच्या अटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मोडेमला वीज देणाऱ्या चार्जरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ लिहिलेलं होतं. मीटर लावून पाहिलं तर मोडेम प्रत्यक्षात सहा वॉटच्या आसपास खात होता. एवढ्याशा भारासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो. आत लिथियमचे तीन सेल, इकडून चार्जर, तिकडून १२ व्होल्टची पिन. १,३५० रुपये.

घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. व्होल्ट जुळलेच पाहिजेत: काही मोडेम ९ व्होल्टचे असतात, एचटी-८०१ ५ व्होल्टवर चालतो, आणि चुकीची पिन लावली तर डबा कायमचा जाऊ शकतो. आणि खोक्यावरचे मिलिअँपिअर तासांचे आकडे वाचून भुलायचं नाही. ते बहुधा सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात, १२ व्होल्टला नाही. आमच्या यूपीएसमध्ये २,२०० मिलिअँपिअर तासांचे तीन सेल, म्हणजे २४ वॉट-तासांच्या आसपास. त्यातले थोडे रूपांतरात जातात. हिशेबानं साडेतीन तास निघत होते. मी मेन स्विच काढून घड्याळ लावून बसलो. तीन तास दहा मिनिटं फोन चालला.

घरचा मोडेम जिवंत राहून उपयोग नाही, जर पलीकडचं यंत्र मेलं. म्हणून जोडणीवाल्याला विचारलं, तुमच्याकडे बॅटरी आहे का? त्यानं दुकानामागची खोली दाखवली, तिथे यंत्र आणि इन्व्हर्टर दोन्ही होते. तो सहा तास सांगतो. ते खरं आहे की नाही, हे एका वादळी रात्रीनंच ठरेल असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

वायर, रोझेट आणि पिना मिळून २४० रुपये. म्हणजे एकूण ४,५९०. तपकीर गल्लीतल्या साडेअकरा हजारांच्या यादीत वीज गेल्यावर काय, याची एकही वस्तू नव्हती.

महागडा प्लॅन घ्या म्हणजे आवाज स्वच्छ येईल, असं जोडणीवाल्याकडच्या माणसानं दोनदा सुचवलं. घेतला नाही. आवाज डेटात बदलायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीनं एका कॉलला नुसत्या आवाजाचे ६४ आणि त्यावरची पत्त्यांची वेष्टनं धरून ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, एका दिशेनं. सगळ्यात लहान प्लॅनमध्येही असे शंभरावर कॉल मावतील. आवाज तुटतो तो डेटा उशिरा किंवा अनियमित पोचला तर, आणि त्यावर मोठ्या प्लॅनचा इलाज नाही.

पुण्यात एका मित्राच्या चार टेबलांच्या ऑफिसात मी उलटा निर्णय घेतला होता. तिथे कंपनीनं सिप खात्याची माहिती कागदावर दिली होती आणि माणसांना कॉल एकमेकांकडे वळवायचे होते. तिथे आयपी फोनच योग्य, तेही नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारे, म्हणजे एकाच यूपीएसवर सगळे चालतात. तिथे एकच अडचण आली: एका बाजूचा आवाज जायचा, दुसरा यायचा नाही. राउटरमधली ‘सिप एएलजी’ नावाची, सिपच्या कॉलमध्ये मधेच फेरफार करणारी सोय बंद केल्यावर ते थांबलं.

वर्षानंतर

वादळी रात्र जुलैत आली. संध्याकाळी सव्वासातला लाइट गेले. नऊ वाजता मी पुण्याहून फोन लावला, चौथ्या ट्रिंगला काकांनी उचलला. “अंधार आहे, पण घंटा वाजली,” म्हणाले. साडेनऊलाही लागला. साडेदहाला लागला नाही. जोडणीवाल्याचं यंत्र त्या रात्री चालूच होतं, आपलीच बॅटरी संपली होती. लाइट आले पहाटे चारला.

म्हणजे तीन तास पुरेसे नाहीत. दिवाळीत जाताना याच मापाचे दुप्पट सेल असलेला यूपीएस घेऊन जाणार आहे, आणि जुना समोरच्या घरी देणार आहे. त्यांचीही केबल त्याच खड्ड्यात तुटली होती. त्यांच्या सुनेनं मला विचारलं, कुठला मोडेम घेऊ. मी तिला आमच्या मोडेमच्या पाठीचा फोटो पाठवला आणि अरुंद सॉकेटभोवती लाल गोल काढून दिला.